चढ दिसल्यावर

एकवीस गिअरची सायकल मी घेतली
फॉरेस्टवाल्या साहेबांच्या पोराची, अडीच हजारात.
त्यांची बदली झाली, ती मागे राहिली.
पहिला महिना मी तिला एकाच गिअरवर दामटली,
जशी चोवीस वर्षं काळी दामटली होती:
बरडी आली की सीटवरून उठायचं,
दात आवळायचे,
टपालाची पिशवी पाठीवर आपटू द्यायची.

मुनाफभाईच्या दुकानात पंक्चरला थांबले तेव्हा
त्याची रुकय्या, नववीतली,
डिझेलचा बोळा घेऊन चेन पुसत होती.
म्हणाली, "मावशी, फक्त एकच चक्र झिजलं.
बाकीचे काय शोकेसले ठेवले?"

सायकल उलटी केली तिनं, चाकं आभाळाकडे,
पायडल हातानं फिरवत सांगू लागली.
"उजव्या हाताले मागचे सात, डाव्याले पुढचे तीन.
मागचं मोठं घेतलं का पाय हलका.
पुढचं मोठं घेतलं का जड.
दोन्ही मोठे एकदम घेऊ नोका,
चेन तिरपी ताणते, कण्हते. आयकू येईन तुम्हाले."
मग कान जवळ नेऊन:
"हे टिक. हे बसलं.
हे करकर करून राह्यलं, म्हणजे मधातच लटकलं,
बोटानं अजून थोडंसं."

आणि निघताना, हातातला पंप न थांबवता:
"बदलताना जोर काढून घ्या, पण पाय थांबवू नोका.
आन चढ आल्यावर नाई मावशी,
चढ दिसल्यावर."

दुसऱ्या दिवशी चेन उतरली, भर रस्त्यात.
संत्र्याच्या गाडीवरचे दोघं थांबले, हसले, गेले.
मी तुरीच्या काडीनं चेन उचलली,
हात निंबाच्या पाल्याला पुसले.
तिसऱ्या दिवशी बरडी दिसली,
अजून पळसाच्या पलीकडे होती,
मी जोर काढला, अर्धा घेर रिकामा फिरवला.
टिक.
पाय भरभर, सायकल हळूहळू,
शेळ्यावाल्या पोरानं चालत मला मागे टाकलं
आणि मी बसूनच वर पोचले.

वर भागरताबाई नेहारेचं घर.
मी धापा टाकत यायची,
ती तांब्या आणायची,
मी ओट्यावर बसून पाणी प्यायची.
तेवढ्यात ती पदर सारखा करायची,
पाकिटाकडे बघायची,
आणि मग म्हणायची, "हं. वाच आता."

आज धाप नव्हती.
उतरले, पाकीट फाडलं, वाचलं:
निराधारची पेन्शन बंद.
कारण, लाभार्थी मयत.

तांब्या तिच्या हातातच राहिला.
"कोण मेलं व?"

वाटलं, मी जोर काढलाच नाही.
भरल्या चढावर खटकन बदललं.

मग बसले. तांब्या मागून घेतला, प्यायले,
तहान नसताना सगळा प्यायले.
म्हटलं, "कागदावर चूक झाली भागरताबाई.
त्यायनं तुम्हाले मारून टाकलं."
"कवा?"
"चौदा ऑगस्टले."
तिनं आठवून पाहिलं.
"त्या दिवशी तं मी
सकूबाईच्या घरी भुईमूग फोडत होती."
आणि हसली, खोकला येईस्तोवर.
मग गप्प झाली.
सूप उलटं ठेवून त्यावर अंगठा केला अर्जाला,
दोनदा, पहिला पुसट आला म्हणून.

उतारावर पिशवीत अर्ज,
उद्या तहसीलला जाणं आलं.
पाय नुसतेच गरगरत होते,
हलका गिअर तसाच राहिला होता,
पायडलला काही लागत नव्हतं.
बोट सरकवलं.
टिक. अजून एक. टिक.
पायाखाली वजन आलं.
बरं वाटलं.